नर्सिंगला जायचं असेल तर बारावीच्या आधी ठरवा



जून-जुलै आला की माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षकालाही फोन सुरू होतात. चौथी-पाचवीला शिकवलेली लेकरं बारावी पास होऊन बसलेली असतात. "सर, नीटला मार्क कमी पडलेत. आता नर्सिंगला टाकावं म्हणतो. कुठं टाकू?" फोन नांदेडकडून येवो की लातूरकडून, प्रश्नाचे शब्द तेच. यातला 'आता' हा शब्द मला खटकतो. कारण तोपर्यंत निम्मी दारं बंद झालेली असतात, आणि उरलेल्या दारात एजंट उभा असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. नर्सिंग हे पुढं बरंच वर जाता येईल असं क्षेत्र आहे. पण किती वर जाता येईल, हे बऱ्याच अंशी पहिल्या पायरीवर ठरतं. ती पायरी नीटच्या निकालानंतर घाईघाईत निवडायची गोष्ट नाही. दहावीनंतर विषय घेताना विचार सुरू व्हावा आणि बारावीच्या हिवाळ्यापर्यंत निर्णय झालेला असावा.

आपल्याकडे नर्सिंग शेवटी का आठवतं?

आपला भाग शिकवण्यांचा. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. नांदेडच्या शिकवण्यांमध्ये शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातूनही पोरं येतात. खोली भाड्याने घ्यायची, मेसचा डबा लावायचा आणि दोन वर्षं नीट एके नीट. मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. पण हिशोब मांडून बघा. २०२४ मध्ये देशभरातून नीटला सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली होती आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीसेक मुलांमागे एक जागा, तीही सरकारी आणि खाजगी दोन्ही धरून.

उरलेल्यांचं काय? काही रिपीट करतात, एकदा, दोनदा. काही बीएएमएस-बीएचएमएसकडे जातात. आणि ज्यांच्या घरचे पैसे आणि धीर दोन्ही संपतात, त्यांच्या तोंडी नर्सिंगचं नाव येतं. पोरगी असेल तर तोपर्यंत घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते. हा काळ फार वाईट. एक वर्ष वाया गेलं की मराठवाड्यातल्या खेड्यात मुलीचं शिक्षण संपायला तेवढं कारण पुरतं.

वर्गात मी मुलांना विचारतो, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, पोलीस, कलेक्टर, हल्ली यूट्यूबर. नर्स होईन असं क्वचितच कोणी म्हणतं. खरं तर गावात जन्मलेल्या लेकराला पहिली लस टोचते ती उपकेंद्रातली सिस्टर. लेकरू डॉक्टरच्या आधी तिला ओळखतं. तरी आपण तिचं काम मुलांसमोर कधी नीट मांडलेलं नसतं.

नर्सचं काम म्हणजे काय?

अनेक पालकांच्या मनात नर्स म्हणजे डॉक्टर सांगेल ते इंजेक्शन देणारी बाई. ही समजूत किती अपुरी आहे, हे नांदेडकरांना तरी वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, उशिरा पाठवलेले गंभीर रुग्ण आणि डॉक्टर-परिचारिकांच्या रिक्त जागा, या सगळ्यावर चर्चा झाली. कारण एकच होतं असं कोणी म्हणू नये. पण त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडली, ती मला इथं मांडायची आहे.

दीड किलोचं बाळ अतिदक्षता कक्षात असतं तेव्हा त्याच्या अंगाची ऊब, रक्तातला ऑक्सिजन, नळीने दिलेलं दूध, सलाईनचा वेग, हात धुऊनच बाळाला शिवणं, हे सगळं चोवीस तास कोण बघतं? डॉक्टर फेरी मारून निर्णय देतात. तो निर्णय दर तासाला, दर पाळीत अंमलात आणते ती परिचारिका. बाळाचा रंग बदलतोय, श्वास अडकतोय, हे बहुतेक वेळा पहिल्यांदा तिलाच दिसतं. अशा कक्षात एका परिचारिकेकडे एक-दोनच बाळं असायला हवीत. ती चार-पाच सांभाळत असेल, किंवा तिला या कामाचं खास प्रशिक्षणच नसेल, तर मशीन कितीही आणा, उपयोग कमी.

म्हणून 'प्रगत नर्सिंग' हा शब्द आपल्या जिल्ह्यांसाठी चैनीचा नाही. नवजात बाळांची, अतिदक्षतेची, बाळंतपणाची, मानसिक आजारांची खास जाणकारी असलेल्या परिचारिका इथं हव्यात. त्या आपल्याच वर्गांतून तयार व्हायच्या आहेत.

तीन पायऱ्या आणि त्यांचा हिशोब

आता मुद्द्याचं. बारावीनंतर नर्सिंगचे मुख्य रस्ते तीन.

१) एएनएम: दोन वर्षं. फक्त मुलींसाठी. कोणत्याही शाखेची बारावी चालते. यातून प्रामुख्याने उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली आरोग्य सेविका घडते. काम मोलाचं आहे, पण वर जायची शिडी आखूड.

२) जीएनएम: तीन वर्षं. मुलगे-मुली दोघांनाही. विज्ञान शाखेला प्राधान्य असलं तरी इतर शाखांनाही दार उघडं, इंग्रजी विषय आणि साधारण ४० टक्के लागतात. हा डिप्लोमा. पास होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येतं.

३) बी.एस्सी. नर्सिंग: चार वर्षं, आठ सत्रं. ही विद्यापीठाची पदवी. महाराष्ट्रात ही महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेच. खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गांना ४० टक्के. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण.

यावरच्या मजल्यांचंही सांगतो. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. नोंदणीकृत परिचारिकेला एक वर्षाचे खास डिप्लोमा आहेत: अतिदक्षता, नवजात बालक, कर्करोग, शस्त्रक्रिया कक्ष, मानसिक आरोग्य वगैरे. पदवी आणि एक वर्षाचा अनुभव असेल तर दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग करता येतं. त्यात पाच शाखा: वैद्यकीय-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. अतिदक्षतेसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमही भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात आणला. त्यालाही पदवी आणि अनुभव लागतो. त्यापुढे पीएच.डी.

आता बेरीज करा, पाटीवर करतो तशी.

एएनएम २ + जीएनएम ३ + पोस्ट बेसिक २ = पदवीपर्यंत ७ वर्षं.
जीएनएम ३ + पोस्ट बेसिक २ = पदवीपर्यंत ५ वर्षं.
थेट बी.एस्सी. = पदवीपर्यंत ४ वर्षं.
बी.एस्सी. ४ + अनुभव १ + एम.एस्सी. २ = ७ वर्षं.

म्हणजे एएनएमपासून चढत आलेली मुलगी जेव्हा पदवीला पोचते, तेव्हा थेट बी.एस्सी.ला गेलेली तिची मैत्रीण एम.एस्सी. झालेली असू शकते. दोघींची हुशारी सारखीच. फरक पडला तो बारावीच्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयाने. आणि खरं सांगायचं तर एएनएमवाली पदवीपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. मध्ये नोकरी लागते, लग्न होतं, लेकरं होतात, घर तिच्या पगारावर चालायला लागतं. मग 'पुढं शिकू' राहून जातं.

दहावीच्या पालकांसाठी एक गोष्ट अधोरेखित करतो. अकरावीला विज्ञान घेतलं पण जीवशास्त्र सोडून गणितच ठेवलं, तर बी.एस्सी. नर्सिंगचं दार बंद. कला शाखा घेतली तरी बंद. पोरीला दवाखान्याच्या कामाची थोडी जरी ओढ असेल, तर जीवशास्त्र ठेवा.

डिप्लोमा की पदवी? एका डी.एड.वाल्याचं मत

मी स्वतः डी.एड. आहे, म्हणून हा मुद्दा जरा मोकळेपणाने बोलतो. आमच्या वेळी डी.एड. म्हणजे नोकरी पक्की असं समीकरण होतं. तालुक्या-तालुक्यात विद्यालयं निघाली. घरोघरी एक डी.एड. झाला. मग भरती आटली. २०१३ ला टीईटी आली, नंतर अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. माझ्या बरोबरचे कितीतरी जण आज शेती, दुकान, खाजगी शिकवणी बघतात. ज्यांनी डी.एड.नंतर पदवी आणि बी.एड. केलं त्यांना हायस्कूलचं दुसरं दार तरी मिळालं. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता असेल. डिप्लोम्याची जमीन अशी हळूहळू सरकते.

नर्सिंगमध्येही वारं त्याच दिशेला आहे. जीएनएम बंद करून सगळं पदवीवर न्यायचं, अशी घोषणा काही वर्षांपूर्वी झाली होती. ती मागे पडली आणि जीएनएम आजही सुरू आहे. पण घोषणा कोणत्या दिशेने होती ते लक्षात घ्या. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं काढायचं जाहीर झालं. त्याच वर्षी जुन्या १९४७ च्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने केला. हा पेशा पदवीकडे आणि विशेष शिक्षणाकडे सरकतोय, हे यावरून उघड दिसतं.

मग जीएनएम वाईट का? मुळीच नाही. घरची परिस्थिती अशी असते की चार वर्षं थांबणं जमत नाही. मुलगी कला शाखेची असते. एखादीला मधूनच हा मार्ग सुचतो. अशांसाठी जीएनएम हा भक्कम रस्ता आहे. माझं म्हणणं एवढंच की जीएनएमला प्रवेश घेतानाच पोस्ट बेसिकचा विचार घरात बोलून ठेवा. "तीन वर्षं झाली, दोन वर्षं नोकरी, मग पोस्ट बेसिक" असा बेत मुलीच्या आईबापांनी आणि पुढं सासरच्यांनीही ऐकलेला असावा. एएनएमला मात्र पर्याय उरलाच नाही तरच जा, आणि शिडी कुठं संपते ते आधी माहीत करून जा.

सीईटी, कॅप आणि फी: इथंच बहुतेकांची गाडी चुकते

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. पूर्वी हे प्रवेश नीटवर होत, आता तसं नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असे भाग असतात. नीटसाठी दोन वर्षं अभ्यास केलेल्या मुलाला पहिले तीन विषय नवे नाहीत. इंग्रजी आणि कलचाचणीचा थोडा सराव लागतो, एवढंच.

पण या सीईटीचे अर्ज बारावीचं वर्ष चालू असतानाच सुटतात आणि नीटचा निकाल लागायच्या कितीतरी आधी बंद होतात. नेमकी तारीख दरवर्षी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर बघावी. नीटच्या धुंदीत असलेल्या घरात त्या दिवसांत हा अर्ज भरायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. कोणी सुचवलं तर पोरगंच म्हणतं, "मला नर्सिंग करायचंच नाही." मग जूनमध्ये फोन येतो.

आता पुढची साखळी बघा. सीईटी नाही, तर केंद्रीभूत प्रवेश फेरी म्हणजे कॅप नाही. कॅप नाही, तर सरकारी जागा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅपमधून प्रवेश नसेल तर मुलींच्या फी माफीचा लाभ मिळत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या योजना आधीपासून आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्या मुलीला ही फी माफी नाही. वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवासाचा खर्च तर घरालाच करावा लागतो, तो वेगळा धरा.

म्हणजे हिवाळ्यात एक अर्ज भरायचा राहिला, तर उन्हाळ्यानंतर बापाला एकर-अर्धा एकर गहाण ठेवायची पाळी येऊ शकते. एक फॉर्म आणि त्याची शेवटची तारीख, इतकी साधी गोष्ट आहे ही. नीटची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि मुलाने नर्सिंगची सीईटी सोबतच द्यावी. नीट लागली तर उत्तमच. नाही लागली, तर हातात पर्याय आहे, आणि तोही फी माफीसकट.

कॉलेज बघायला जाताना

आपल्या भागात नर्सिंगची खाजगी महाविद्यालयं भरपूर निघाली आहेत. काही चांगली आहेत, काहींची इमारत म्हणजे दोन मजले आणि एक पाटी. उदगीर-देगलूर पट्ट्यातून सीमेपलीकडे कर्नाटकात प्रवेश करून देणारे एजंटही फिरतात. "हजेरीचं टेन्शन घेऊ नका, परीक्षेला तेवढं या" असं एका एजंटाने माझ्यासमोर एका पालकाला सांगितलं. मी त्या पालकाला नंतर एवढंच विचारलं, "हजेरी न लावता शिकलेल्या नर्सकडून तुम्ही स्वतःच्या नातवाला सलाईन लावून घ्याल का?" त्यांनी तो प्रवेश घेतला नाही.

प्रवेशाआधी हे तपासा:

१) महाविद्यालयाला भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य परिषद यांची मान्यता चालू वर्षाची आहे का? किती जागांची आहे? कागद मागा, संकेतस्थळावर पडताळा.

२) रुग्णालय कुठलं? नर्सिंग खाटेजवळ उभं राहून शिकायचं असतं. स्वतःचं रुग्णालय आहे का, किती खाटांचं, आणि त्या खाटांवर खरंच रुग्ण असतात का? एकदा दुपारी न सांगता जाऊन बघा.

३) शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना वेगळं गाठून विचारा: अतिदक्षता कक्षात किती दिवस काम केलं? किती बाळंतपणं बघितली? शिकवायला एम.एस्सी. झालेल्या शिक्षिका किती आहेत?

४) मूळ प्रमाणपत्रं महाविद्यालय ठेवून घेतं का? मध्येच सोडलं तर काय? लेखी विचारा.

५) परराज्यात शिकलात तर महाराष्ट्र परिषदेकडे नोंदणी कशी होईल, हे आधी परिषदेकडूनच समजून घ्या. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

या पाचही प्रश्नांची उत्तरं सरळ मिळत असतील तर कॉलेज छोटं असलं तरी चालेल. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर इमारत कितीही चकचकीत असो, परत फिरा.

पगाराचं खरं खरं बोलू

सरकारी अधिपरिचारिकेचं सुरुवातीचं मूळ वेतन राज्यात ३५,४०० रुपये आहे, वर भत्ते. आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचं २९,२००. शिक्षक मित्रांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. पुढं परिसेविका, अधिसेविका, शिकवण्याकडे गेलं तर पाठ्यनिर्देशिका, अशा बढत्या आहेत. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. त्यासाठी नॉरसेट ही परीक्षा असते. तिथं पदवीधराला थेट बसता येतं. जीएनएमवाल्याला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवीचा फायदा इथंही दिसतो.

दुसरी बाजू लपवायची नाही. सरकारी जागा कमी निघतात. कंत्राटी भरतीच्या विरोधात जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. खाजगी दवाखान्यांतली स्थिती तर अजून नाजूक. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतकं द्यावं. इतक्या वर्षांनी आपल्या शहरांतल्या छोट्या दवाखान्यांत किती जणींना हे मिळतं, ते आपल्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरलाच विचारा. रात्रपाळी, उभं राहून पाय सुजणं, नातेवाइकांचा राग पहिल्यांदा अंगावर येणं, हेही या नोकरीत आहे.

म्हणूनच मी वर जायचा आग्रह धरतो. जिच्याकडे फक्त किमान पात्रता आहे, तिच्या जागी दुसरी सहज मिळते, असं मालकाला वाटतं. जिला नवजात कक्ष किंवा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळता येतो, तिला सोडताना तोच मालक दोनदा विचार करतो.

जर्मनीचं आकर्षण हल्ली वाढलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिकडं पूर्ण मान्यतेसाठी जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत यावी लागते, हे वर्ष-दीड वर्षाचं काम आहे. जायचं असेल तर जरूर जा, पण पदवी, नोंदणी, दोन वर्षांचा अनुभव आणि भाषा या क्रमाने. आणि एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते बघितल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

लोक काय म्हणतील?

"नर्सबाईची नोकरी, रात्रीची ड्युटी, स्थळ कसं जमायचं?" हा प्रश्न आजही विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हाही समाज हेच म्हणत होता. त्या बायका गेल्या, शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. नावं ठेवणाऱ्यांच्या घरीही आजारपण आलं, तेव्हा उशाशी शिकलेली नर्सच लागली. कोविडच्या काळात तर आपण हे डोळ्यांनी बघितलंय.

मुलग्यांच्या पालकांनाही सांगतो. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही मुलांसाठी खुले आहेत. एम्सच्या भरतीत पुरुषांसाठी २० टक्के जागा असतात, म्हणजे स्पर्धा जास्त. तरी अतिदक्षता, अपघात विभाग, शस्त्रक्रिया कक्ष इथं 'ब्रदर' लोकांची गरज भासतेच. "पोरगं होऊन नर्सिंग?" असं हसणाऱ्याला त्याच्या बापाच्या ऑपरेशननंतर कोणी उचलून कुशीवर वळवलं, ते विचारावं.

आपण शिक्षकांनी काय करायचं?

प्राथमिक शाळेत आपल्या हातात तीन गोष्टी आहेत, असं मला वाटतं.

पहिली, मुलांना हे काम दाखवा. १२ मे हा परिचारिका दिन सुट्टीत येतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच एखाद्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरला वर्गात बोलवा. लसीचा थंड डबा, थर्मामीटर, वजनकाटा घेऊन ती अर्धा तास बोलली तरी मुलांच्या डोक्यात बी पडतं.

दुसरी, पाया पक्का करा. औषधाचा डोस काढणं म्हणजे पाचवीचंच प्रमाण आणि अपूर्णांक. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असेल तर ५० मिलिग्रॅमसाठी किती घ्यायचं? हे गणित चुकलं तर नर्सच्या हातून जीव जाऊ शकतो. इंग्रजी वाचायची भीतीही आपल्याच वर्गात घालवायची असते, कारण पुढचं सगळं नर्सिंग इंग्रजीत आहे.

तिसरी, माजी विद्यार्थ्यांची यादी ठेवा. गावातली कोणकोणती मुलं यंदा बारावी विज्ञानाला आहेत, ते आपल्याला सहज कळतं. डिसेंबरमध्ये त्या घरांना एक फोन करायचा: "नीटचं चालू द्या, पण नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरला का? उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर काढून ठेवलं का?" दोन मिनिटांचं काम आहे. जूनमध्ये येणाऱ्या फोनला आपल्याकडे फारसं उत्तर नसतं. डिसेंबरचा फोन मात्र एखाद्या लेकराची चार वर्षं आणि एखाद्या बापाची जमीन वाचवू शकतो.

पालकहो, तुमच्या घरात यंदा कोणी बारावीला असेल, तर आज संध्याकाळी जेवताना हा विषय काढा. निर्णय लेकराचाच असू द्या, पण तो वेळेत होऊ द्या.